दुधाचे दात आणि आइस्क्रीमचं दुकान : डॉ. रफीउद्दीन अहमद

दरवर्षी २४ डिसेंबरला देशभरातले दंतवैद्य आपला राष्ट्रीय दिवस साजरा करतात. कुठे मोफत तपासणी शिबिर लागतं, कुठे शाळेत ब्रश कसा करायचा ते दाखवतात. हा दिवस ज्यांच्या जन्मतारखेवरून ठरला ते डॉ. रफीउद्दीन अहमद. भारतातल्या आधुनिक दंतवैद्यकाचे जनक म्हणून दंतवैद्यांना ते ठाऊक आहेत. आपल्या मोहल्ल्यात मात्र हे नाव फारसं कुणी घेत नाही. सर सय्यद, मौलाना आझाद, डॉ. झाकिर हुसैन ही नावं मुलांना पाठ असतात, उर्दू शाळांच्या भिंतींवर त्यांच्या तसबिरीही असतात. या रांगेत डॉ. अहमद कुठेच नाहीत.

जिथे त्यांची गोष्ट सांगितली जाते तिथेही ती एका ओळीत संपते. देशातलं पहिलं डेंटल कॉलेज यांनी काढलं, एवढंच. त्याआधी परदेशात त्यांनी गरिबांच्या लहान मुलांचे दात तपासण्यात उमेदीची वर्षं घालवली होती, हे सांगायचं राहून जातं. माझ्या मते त्यांच्या आयुष्याची चावी तिथेच आहे.

त्यांचा जन्म १८९० चा, पूर्व बंगालमधल्या बर्धनपाडा गावचा. योगायोग असा की त्याच वर्षी बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याचं माणसाच्या तोंडातल्या सूक्ष्मजंतूंवरचं पुस्तक इंग्रजीत आलं. तोपर्यंत जगभर लोक समजत होते की दात किडतो म्हणजे त्यात खरोखरचा किडा शिरतो. आपल्या मराठीतला ‘कीड’ हा शब्द तरी दुसरं काय सांगतो? आपल्याकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातल्या अळ्या पाडून दाखवणारे फिरायचे. गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, पाहिलेले सापडतील. मिलर यांनी दाखवलं की किडा वगैरे काही नसतो. तोंडातले जंतू आपण खाल्लेल्या साखरेवर आणि पिठूळ पदार्थांवर जगतात, त्यातून आम्ल तयार करतात, आणि ते आम्ल दाताचं कवच विरघळवतं. म्हणजे रफीउद्दीन पाळण्यात होते तेव्हा दात का किडतो याचं उत्तर नुकतंच हाती येत होतं.

त्यांचं सुरुवातीचं शिक्षण ढाक्याच्या मदरशात झालं आणि पदवी अलिगढला, १९०८ मध्ये. तेव्हा ते सर सय्यद यांचं मोहमडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेज होतं, विद्यापीठ व्हायला अजून बारा वर्षं होती. त्या काळी अलिगढहून निघालेला मुलगा साधारणपणे वकिलीकडे नाहीतर सरकारी नोकरीकडे जायचा. हा तरुण अमेरिकेला गेला आणि तिथे निवडलं काय, तर दात! त्या वेळी हिंदुस्थानात दात काढणं हे डॉक्टरी काम समजलंच जात नव्हतं. न्हावी दात उपटायचे, बाजाराच्या दिवशी चटईवर चिमटा मांडून बसलेला माणूस उपटायचा, कलकत्त्यात पाटी लावून बसलेले चिनी दंतकारागीर होते. उर्दूत दंतवैद्याला दंदानसाज म्हणतात, म्हणजे दात घडवणारा. शब्द सुंदर आहे, पण त्यातसुद्धा वास कारागिरीचाच येतो. कवळी बसवणारा असा त्याचा अर्थ, रोग ओळखणारा असा नाही.

आयोवा विद्यापीठातून १९१५ मध्ये रफीउद्दीन दंतवैद्यकाची डॉक्टर ही पदवी घेऊन बाहेर पडले. तिथून ते गेले बोस्टनला, फोर्सिथ डेंटल इन्फर्मरी फॉर चिल्ड्रन या संस्थेत. फोर्सिथ कुटुंबातल्या भावांनी आपल्या पैशातून बांधलेला हा दवाखाना १९१४ मध्ये सुरू झाला होता, तोही फक्त मुलांसाठी. शहरातल्या गरीब घरांतली, परदेशातून आलेल्या मजुरांची मुलं तिथे जवळपास फुकटात उपचार घ्यायची. दात उपटून मोकळं होण्यापेक्षा तो राखायचा, आणि राखायचा तर लहानपणापासून, हा त्या संस्थेचा सगळा पाया. डॉ. अहमद १९१८ पर्यंत तिथे होते.

इथे थोडं थांबून मुलांच्या तोंडात काय घडतं ते सांगायला हवं, कारण त्याशिवाय या माणसाच्या कामाचं वजन कळणार नाही.

दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. वजनाने त्यातला सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा. दुधाच्या दातांचं हे कवच आईच्या पोटात, चौथ्या महिन्याच्या सुमारास घडायला लागतं. पहिल्या पक्क्या दाढेचं काम जन्माच्या आसपास सुरू होतं, आणि पुढच्या पक्क्या दातांचं मूल काही महिन्यांचं असताना. ती दाढ दिसते सहाव्या वर्षी, पण तिचा गिलावा मात्र बाळ पाळण्यात असतानाच चाललेला असतो. गिलावा हा शब्द मी मुद्दाम वापरला. घराला गिलावा करताना सिमेंट कमी पडलं, पाणी वेळेवर मारलं नाही, तर भिंत तिथे भुसभुशीत राहते ना, तसंच इथे होतं. आईचं कुपोषण, मुदतीआधी झालेला जन्म, जन्मतः फार कमी वजन, ड जीवनसत्त्वाची कमतरता, पहिल्या वर्षांतली मोठी आजारपणं, यांतल्या एखाद्याचा फटका त्या नेमक्या काळात बसला की इनॅमल पातळ राहतं, त्यावर खड्डे पडतात, पांढरे-पिवळे डाग उठतात. आणि भिंतीचा गवंडी परत बोलावता येतो, इनॅमलचा येत नाही. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत संपून गेलेल्या असतात.

आता यात जंतूंचा भाग. तोंडात शेकडो जातींचे जंतू राहतात, बरेचसे निरुपद्रवी. त्यांतल्या एकाचं नाव स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स. लंडनमध्ये जे. किलियन क्लार्क यांनी १९२४ मध्ये तो किडलेल्या दातांतून वेगळा काढला. बाळाच्या तोंडात तो बहुतेक वेळा घरातल्याच मोठ्या माणसांकडून येतो. आई, दादी, नानी, जी घास चाखून, चमचा चाटून भरवते तिच्याकडून. गुळगुळीत दातावर त्याला पाय रोवायला कष्ट पडतात. पण इनॅमलवर खड्डा असेल, खरखरीत जागा असेल, तर त्याला आयतं घर मिळतं. तिथे साखर पोचत राहिली की तो आम्ल करतो, आणि पातळ कवच लवकर हार मानतं. म्हणून एकाच घरातली, एकच बिस्किट खाणारी दोन मुलं, एकाचे दात ठीक आणि दुसऱ्याचे दोन वर्षांतच काळे ठुणके, असं दिसतं. आई म्हणते, याच्याच दातांना काय झालंय कळत नाही. बऱ्याचदा त्याच्या दातांचं उत्तर त्याच्या जन्माच्या आधीच्या महिन्यांत असतं.

पंधरा-वीस वर्षं प्राथमिकचे वर्ग घेतले की हे पाहायला दवाखान्यात जावं लागत नाही. पहिलीच्या वर्गात मुलं हसली की दिसतं. पुढचे चार दात गायब किंवा काळे, दाढ दुखते म्हणून डबा तसाच परत नेणारी मुलं, गालाला हात लावून बसलेली. पालकांना सांगावं तर एकच उत्तर मिळतं : सर, दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत. हे वाक्य मी मराठीत ऐकलंय, दखनीत ऐकलंय, लंबाडीतही ऐकलंय. पडणारच आहेत हे खरं, पण दुधाची मागची दाढ दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंत तिथे राहायची असते. ती आधीच गेली तर शेजारची दाढ पुढे सरकते आणि खालच्या पक्क्या दाताला जागा राहत नाही. दुधाच्या दाताच्या मुळाशी पू झाला तर त्याखाली घडत असलेल्या पक्क्या दाताच्या इनॅमलवरही डाग पडू शकतो. आणि किडीचे जंतू तोंडात तळ ठोकून असतात, नवीन दात आला की त्यालाही लागतात.

बोस्टनला हेच शिकून डॉ. अहमद १९१९ मध्ये हिंदुस्थानात परतले. परदेशी पदवीवर कलकत्त्यात साहेब लोकांचे आणि जमीनदारांचे दात पाहत बसले असते तर आरामात आयुष्य गेलं असतं. त्यांनी १९२० मध्ये डेंटल कॉलेज काढलं. देशात तोवर असं एकही कॉलेज नव्हतं, सरकारने काढलं नव्हतं आणि सुरुवातीला मदतीलाही कुणी धावून आलं नाही. मग पैसा कुठून आला? तर त्यांनी कलकत्त्यात न्यू यॉर्क सोडा फाउंटन नावाचं आइस्क्रीम आणि सरबतांचं दुकान चालवलं, आणि त्याच्या कमाईवर कॉलेज चाललं.

या गोष्टीवर दंतवैद्य हसतात, आणि हसण्यासारखंच आहे. साखर विकून दातांचं कॉलेज! पण मला यात दुसरं काहीतरी दिसतं. चंदा मागत फिरण्यापेक्षा, नवाबांच्या ड्योढीवर अर्ज घेऊन उभं राहण्यापेक्षा, त्यांनी बाजारात चार पैसे कमावले आणि तालीमवर घातले. आपल्याकडे संस्था काढायची म्हटलं की आधी पावतीपुस्तक छापलं जातं. असो.

पहिली काही वर्षं विद्यार्थी हातावर मोजण्याइतके. दात उपटायला कॉलेजात शिकायचं असतं हेच लोकांना पटत नव्हतं. ते टिकून राहिले. त्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांतलं एक नाव फातिमा जिना यांचं. मोहम्मद अली जिना यांची ही बहीण कलकत्त्यात दंतवैद्यक शिकली आणि १९२३ मध्ये तिने मुंबईत स्वतःचा दवाखाना उघडला. पुढचं राजकारण बाजूला ठेवा. त्या काळी एका मुस्लिम तरुणीने एकटीने दवाखाना चालवणं हीच मुंबईत केवढी मोठी बातमी असेल! आपल्या महाराष्ट्राशी डॉ. अहमद यांच्या कामाचा पहिला धागा जुळतो तो असा. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय यायला १९३३ साल उजाडलं.

कॉलेज चालवता चालवता त्यांनी १९२५ मध्ये बंगालच्या दंतवैद्यांची संघटना उभी केली, त्याच वर्षी इंडियन डेंटल जर्नल सुरू केलं आणि कित्येक वर्षं स्वतः संपादन केलं. १९२८ मध्ये विद्यार्थ्यांसाठी त्यांचं ऑपरेटिव्ह डेंटिस्ट्रीचं हँडबुक आलं. ऑपरेटिव्ह म्हणजे दात न काढता तो साफ करून, भरून वाचवण्याची विद्या. पुस्तक लिहायला त्यांनी हाच विषय घेतला, याकडे मी बोट दाखवीन. मधल्या काळात ते कलकत्ता महापालिकेत नगरसेवकही होते, नंतर आल्डरमन.

पण त्यांचं सगळ्यात चिवट काम कायद्याचं. शिकलेला दंतवैद्य आणि चटईवरचा चिमटेवाला यांत फरक करायला सरकारदरबारी काही नोंदच नव्हती. बंगालमध्ये १९३९ साली दंतवैद्यांचा कायदा झाला, त्यामागे त्यांचा हात होता. मग १९४८ च्या मार्चमध्ये देशाचा डेंटिस्ट्स अॅक्ट आला आणि पुढच्या वर्षी डेंटल काउन्सिल. कोण दंतवैद्य आणि कोण नाही, कॉलेजात काय शिकवायचं, याची शिस्त तिथून लागली. आधीपासून धंदा करणाऱ्यांना एकदम घरी बसवलं नाही, त्यांची वेगळी नोंद ठेवली गेली, हे शहाणपणाचंच झालं. २०२३ मध्ये नवा कायदा येईपर्यंत पंचाहत्तर वर्षं देशातला प्रत्येक दंतवैद्य या १९४८ च्या कायद्याखाली शिकला.

आपल्यापुरतं सांगायचं तर तो कायदा झाला त्या दिवशी नांदेड आणि लातूर हिंदुस्थानात नव्हतेच, निजामाच्या राज्यात होते. पोलीस ॲक्शन व्हायला सहा महिने होते. आज नांदेडलाही डेंटल कॉलेज आहे, लातूरलाही आहे, संभाजीनगरला सरकारी आहे. शहरातल्या एकेका रस्त्यावर चार-चार दंतवैद्यांच्या पाट्या दिसतात. किनवट, माहूर, देगलूर, औसा, निलंगा इकडच्या खेड्यांतून तिथे यायचं तर मजुरी बुडवून यावं लागतं, आणि दुधाच्या दातासाठी कोण मजुरी बुडवतो?

किनवटचं नाव आलं म्हणून सांगतो. त्या तालुक्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त सापडलं आहे. फ्लोराइडची गंमत अशी की थोडं असेल तर इनॅमल मजबूत होतं आणि जंतूंच्या आम्लाला दाद देत नाही. जास्त झालं की तेच इनॅमल बिघडवतं, दात खडूसारखे पांढरे, मग तपकिरी होतात, पुढे हाडांवरही परिणाम होतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोय नसेल तर १.५ पर्यंत. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. हे डाग घासूनही जात नाहीत, आणि मूल दात घासत नाही म्हणून त्याला वर्गात बोलणं तर शुद्ध अन्याय आहे. त्याच्या तोंडात जे दिसतंय ते त्याने लहानपणी प्यायलेलं पाणी आहे.

आपल्या भागात लहान मुलांसाठी एक सोय आहे, ती फार जणांना माहीत नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी-अनुदानित शाळेत एकदा येतं, आणि त्यांच्या तपासणीच्या यादीत दातही आहेत. त्या दिवशी मुलाला शाळेत पाठवा आणि पथकाने चिठ्ठी दिली तर ती कपाटात ठेवू नका. बाकी घरी करायचं ते साधं आहे. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवायचं नाही, त्यात साखर तर नाहीच. पहिला दात आला की घासायला सुरुवात, तीन वर्षांपर्यंत फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी. मिस्वाकची सुन्नत घरात आहेच, मोठ्यांनी ती जरूर पाळावी, पण दोन वर्षांच्या मुलाच्या मागच्या दाढांपर्यंत मऊ ब्रशच पोचतो, तोही आईच्या किंवा बापाच्या हाताने. घरातल्या बायकांची मिश्री लावायची सवय मात्र सुटायला हवी. ती तंबाखू आहे, मंजन नाही.

डॉ. अहमद यांच्याकडे परत येतो. फाळणी झाली तेव्हा त्यांचं जन्मगाव सीमेपलीकडे गेलं. ते कलकत्त्यातच राहिले. स्वतःच्या दुकानाच्या कमाईवर उभं केलेलं, जवळपास तीस वर्षं सांभाळलेलं कॉलेज त्यांनी १९४९ मध्ये पश्चिम बंगाल सरकारच्या हाती देऊन टाकलं. विकलं नाही, दिलं. आपल्याकडे संस्था म्हणजे घरची मालमत्ता, बापानंतर मुलगा अध्यक्ष, हे इतकं अंगवळणी पडलंय की ही गोष्ट दोनदा वाचावी लागते. पुढे डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री झाले. खाती दंतवैद्याला न शोभणारी वाटतील अशी : शेती, सहकार, समुदाय विकास, मदत आणि पुनर्वसन. स्टेशनांवर निर्वासितांचे लोंढे उतरत होते, १९४३ च्या दुष्काळाने मोडलेली माणसं अजून सावरली नव्हती. पण ज्याने आयुष्याची सुरुवात गरिबांच्या मुलांच्या तोंडात डोकावून केली, त्याला पोटात अन्न आणि तोंडात दात यांचा संबंध कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, असं मला वाटतं.

परदेशी दंतसंस्थांनी त्यांना फेलोशिप दिल्या. भारत सरकारने १९६४ मध्ये पद्मभूषण दिला. पुढच्याच वर्षी, ९ फेब्रुवारी १९६५ ला त्यांचं निधन झालं. कलकत्त्यात मौलालीला आचार्य जगदीशचंद्र बोस रस्त्यावर त्यांचं कॉलेज आणि रुग्णालय आजही सुरू आहे, सरकारी आहे आणि त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. न्यू यॉर्क सोडा फाउंटन केव्हाच इतिहासजमा झालं.